माशी शोधायची तर रातकिड्याचं गाणं लावा

ऑर्मिया ऑक्रेसिया ही पिवळसर तपकिरी माशी आकाराने घरमाशीएवढीच. ती अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि हवाई बेटांवर आढळते. पण तिथेही जाळी घेऊन दिवसभर हिंडणाऱ्या माणसाच्या हाती ती सहसा लागत नाही. कारण ही माशी अंधारात उडते आणि तिला हवा असतो तो रातकिड्याचा आवाज.

विल्यम केड या कीटकशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये टेक्सासमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने लाउडस्पीकरवर रातकिड्याचं गाणं वाजवलं आणि स्पीकरवर मेलेले रातकिडे ठेवले. माशा आल्या आणि त्यांनी त्या मेलेल्या किड्यांवर आपल्या अळ्या सोडल्या. समोरचा किडा जिवंत आहे की मेलेला, याची त्यांना फिकीर नव्हती. आवाज आला म्हणजे यजमान, म्हणजे अळ्यांना पोसणारा किडा, आहे, एवढाच त्यांचा हिशोब. तेव्हापासून ही माशी पकडायची ती अशीच: सापळ्यात स्पीकर ठेवून.

या आवाजामागे गाणाऱ्या नर रातकिड्याचं मरण असतं. माशी अंडी घालत नाही. तिच्या पोटातच अंड्यांतून बाहेर आलेल्या इवल्याशा अळ्या ती नराच्या अंगावर आणि आसपास टाकते. अळी शरीरात शिरते, आतून त्याला खात वाढते आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत त्याला मारून बाहेर पडते.

तिचा कान तर अजबच. डोक्याच्या मागे, छातीच्या पुढच्या बाजूला दोन पडदे असतात, त्यांच्यात अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर. आवाज एका कानावर पोहोचल्यावर दुसऱ्यावर पोहोचायला फार तर दीड मायक्रोसेकंद लागतो (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). एवढ्याशा फरकावरून दिशा कळणं अशक्य वाटावं. पण हे दोन पडदे मधल्या एका ताठ दुव्याने जोडलेले असतात. तो सी-सॉसारखा हलतो आणि तोच फरक पन्नासेक मायक्रोसेकंदांपर्यंत वाढवतो. त्यामुळे आवाजाच्या दिशेत दोन अंशांचा फरक पडला तरी माशीला तो कळतो. एवढ्या अचूक कानासाठी लोक घुबडाचं कौतुक करतात, या माशीचं कुणी करत नाही!

आता मुद्दा वेळेचा. सापळे रात्रभर चालू ठेवून, कोणत्या तासाला किती माशा येतात हे मोजल्यावर दिसलं की त्यांची खरी गर्दी सूर्यास्तानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत असते. पुढे रात्र चढेल तशी ती ओसरते. रातकिडे मात्र पहाटेपर्यंत गात असतात. म्हणजे मध्यरात्रीनंतर स्पीकर लावून ‘या भागात माशी जवळजवळ नाहीच’ असं कुणी वहीत लिहिलं, तर दोष माशीचा नव्हे, घड्याळाचा. ऋतूचंही तसंच. टेक्सासमधल्या शेतरातकिड्यांच्या वर्षात दोन पिढ्या होतात, वसंतात आणि शरदात; माशीचा तडाखा बसतो तो मुख्यतः शरदातल्या पिढीला. दुर्मीळ कीटकांच्या नोंदी वाचताना मी आधी तारीख आणि तास पाहतो, संख्या नंतर.

गाणंही जागेप्रमाणे बदलावं लागतं. यजमान रातकिड्याची जात सगळीकडे एकच नसते, आणि त्या त्या भागातली माशी तिथल्याच जातीच्या गाण्याकडे जास्त ओढली जाते. टेक्सासची ध्वनिफीत फ्लोरिडात वाजवली तर माशा येतील, पण कमी.

हवाईत तर रातकिडा आणि माशी दोघेही परके. रातकिडा प्रशांत महासागराच्या दुसऱ्या टोकाचा, माशी उत्तर अमेरिकेची. तिथे माशीचा जाच असलेल्या ठिकाणचे नर संध्याकाळी हळूहळू सुरू न करता एकदम गाऊ लागतात आणि पहाटे एकदम थांबतात, हे जीवशास्त्रज्ञ मार्लीन झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं. अंधुक उजेडाची वेळ, म्हणजे माशीची वेळ, ते टाळतात असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढे २००३ मध्ये कवाई बेटावर आणखी टोकाचा प्रकार सापडला: बहुतेक नरांच्या पंखांवर आवाज काढणारी रचनाच उरली नव्हती. हा बदल वीसपेक्षा कमी पिढ्यांत पसरला होता. मुके नर उरल्यासुरल्या गाणाऱ्याच्या जवळपास थांबतात आणि त्याच्या आवाजावर आलेल्या मादीला गाठतात.

अलीकडे मोलोकाई बेटावर तिसराच मार्ग दिसला. तिथले काही नर मांजरासारखं हलकं घुरघुरतात. मादीला ते जवळून ऐकू येतं, पण त्या घुरघुरीकडे माशा फारशा वळत नाहीत.