भौतिकी इंजिन : एक कलामाध्यम

व्हिडिओ गेममधील वस्तूंचे पडणे, आदळणे, लोंबणे यांचे गणित सोडवणाऱ्या आज्ञावलीस भौतिकी इंजिन म्हणतात. तिच्या आधारे चित्रे, चलत्‌दृश्ये व मांडणशिल्पे करणाऱ्यांची ही नोंद आहे. गेमच्या आतच चित्रपट घडवण्याची मशिनिमा ही कला हा याच्या शेजारचा प्रकार. पण तेथे पात्रे बहुधा खेळाडू हलवतो, येथे हालचाल इंजिनावर सोपवलेली असते.

आरंभ दोन ठिकाणी दाखवता येतो. ‘जोडी’ या कलावंतद्वयाने १९९६ ते २००१ या काळात ‘क्वेक’ या गेममध्ये फेरफार करून कलाकृती केल्या. त्यांतील एकीत पडदा पूर्ण पांढरा राहतो. आवाज आणि आकडे तेवढे सांगतात की आत खेळ चालू आहे. कल्पना विलक्षण आहे, परंतु ‘क्वेक’मध्ये लोळणाऱ्या-कलंडणाऱ्या वस्तूंचे गणित जवळजवळ नव्हते. म्हणून ब्रॉडी काँडन यांची २००४ मधील कृती हा आरंभ अधिक ग्राह्य वाटतो. तीत ‘कर्मा’ इंजिनाच्या बळावर गायक एल्व्हिस प्रेस्लीच्या आकृत्या गुलाबी पोकळीत तरंगत आचके देतात.

हे आचके कशामुळे येतात, ते पाहणे आवश्यक आहे. चिंधीच्या बाहुलीसारखे लुळे पडणारे पात्र म्हणजे रॅगडॉल. ते बहुधा प्रथम १९९८ च्या ‘ट्रेसपासर’ या गेममध्ये आले. ‘हिटमॅन’ या गेमसाठी वापरलेली रीत थॉमस याकोबसेन यांनी २००१ मध्ये मांडली. तीत देह म्हणजे हाडांनी जोडलेले बिंदू मानतात आणि बिंदूचा वेग साठवत नाहीत. आताचे व मागचे स्थान यांवरून पुढचे काढतात. मग प्रत्येक हाडाची लांबी आळीपाळीने दुरुस्त करतात. एक हाड जुळवले की शेजारचे बिघडते, म्हणून फेऱ्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. इतर इंजिनांची सूत्रे निराळी असली, तरी बंधने, म्हणजे हाडाची लांबी कायम राखण्यासारख्या अटी, अशी अंदाजाने पाळणे त्यांतही आढळते. दोन बंधने परस्परविरोधी असली की उत्तर स्थिरावत नाही आणि देह थरथरतो. गेम बनवणारा हा दोष लपवतो. कलावंताला त्यातच देहाची असहायता दिसते, आणि या माध्यमाचे खरे बळ तेच आहे.

‘हाफ-लाइफ २’ या गेमवर आधारलेल्या ‘गॅरीज मॉड’मुळे (२००४) ही साधने सर्वांच्या हाती आली. पात्राचे मनगट भौतिकी बंदुकीने, म्हणजे वस्तू उचलण्याच्या त्यातील साधनाने, उचलून माउसचे उजवे बटण दाबले की ते हवेत गोठते. मग दुसरा हात, मान, पाय. गोठवायचा राहिलेला अवयव लोंबत राहतो.

इयान चेंग यांच्या २०१५–१७ मधील ‘एमिसरीज’ या ‘युनिटी’ इंजिनावरील कृती कोणी न खेळता आपोआप चालू राहतात. त्यांत भर मात्र पात्रांच्या वर्तनावर अधिक आहे.