यूएक्स टीम लीड

यूएक्स टीम लीड : ॲप, संकेतस्थळ किंवा सेवा वापरताना माणसाला काय सोपे जाते आणि तो कुठे अडतो, हे पाहून तिची रचना करणाऱ्या डिझाइनरांच्या गटाचा प्रमुख. यूएक्स म्हणजे यूजर एक्सपीरियन्स, मराठीत वापरानुभव. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९९०च्या दशकात ॲपल कंपनीत काम करताना ही संज्ञा रूढ केली. आयएसओ ९२४१-२१० हे आंतरराष्ट्रीय मानक सांगते, की वापरणाऱ्यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत रचनेत सामील करून घ्यावे आणि गटात निरनिराळ्या विषयांचे जाणकार असावेत. हे रोजच्या कामात उतरवायचे ते प्रमुखाने.

सॉफ्टवेअरवर हात बसलेला असणे डिझाइनरला पुरते. प्रमुखाचा पहिला गुण म्हणजे तो गटाला कार्यालयाबाहेर काढतो. कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमारांसाठी ॲप करायचे झाले, की याची गरज लगेच कळते. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते मराठीतूनही कळवते : अमुक बंदरापासून कोणती दिशा, किती किलोमीटर, किती मीटर खोली. तांडेल, म्हणजे नौकेचा कप्तान, मात्र खोली वावांत मोजतो. एक वाव सुमारे सहा फुटांचा. पडद्यावर ‘३६ मीटर’ दिसले तर त्याला मनात हिशेब करावा लागतो, ‘२० वाव’ दिसले तर नाही. हर्णै बंदरात लिलाव चालू असताना मासळी घेणाऱ्या बायांच्या हातातला फोन पाहावा. बोटे ओली, त्यांना खवले चिकटलेले. टचस्क्रीन दाद देत नाही. उन्हात फिकट करडी अक्षरे दिसत नाहीत. नौका दूर गेली की रेंज जाते, म्हणून माहिती आधीच फोनमध्ये उतरलेली लागते.

तिथे कधी जायचे हेही प्रमुखाला कळावे लागते. पावसाळ्यात यांत्रिक नौकांची मासेमारी काही काळ बंद असते, साधारणपणे १ जून ते ३१ जुलै. नौका वर ओढलेल्या, तांडेल जाळी दुरुस्त करत बसलेला. बोलायला तेव्हा सवड असते. पण प्रत्यक्ष वापर पाहायला ऑगस्टमध्ये पुन्हा यावेच लागते, कारण माणूस सांगतो एक आणि त्याचा हात करतो दुसरेच. या दुसऱ्या खेपेसाठी कंपनीकडून वेळ आणि पैसा मागून घेणे, ही प्रस्तुत लेखकाच्या मते प्रमुखाची खरी कसोटी होय.

गटातल्या चर्चेत कच्ची रेखाटने लवकर मांडली जावीत आणि प्रमुखाने सर्वांत शेवटी बोलावे. तो आधी बोलला की बाकीचे त्याचीच री ओढतात. ‘आवडले नाही’ या शेऱ्याने डिझाइनरच्या हाती काही लागत नाही. ‘ओल्या बोटाने हे बटण दाबता येईल का?’ असे विचारले की तो कामाला लागतो.

कामाची वाटणी, वेळापत्रक, नव्या माणसांची निवड ही कामे कोणत्याही गटप्रमुखाला असतात तशी इथेही असतात. वरिष्ठांपुढे मात्र बंदरावर जाऊन आलेल्या डिझाइनरलाच बोलायला उभे करावे. त्याने पाहिलेले प्रमुखाच्या तोंडून सांगितले, तर त्यातले निम्मे वाटेतच गळते.