जुन्या पीसीवरून गेमचं लाइव्ह स्ट्रीमिंग: चित्र नेमकं अडतं कुठे?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले सेकंडहँड डेस्कटॉप एकावर एक रचलेले दिसतात. त्यांतल्या कितीतरी डब्यांत इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर असतो, उदाहरणार्थ आय-५ ४५७०: २०१३ सालचा, ४ कोअरचा, ३.२ गिगाहर्ट्झचा. त्यात ८ जीबी रॅम आणि एखादं जुनं ग्राफिक्स कार्ड असेल, तर व्हॅलोरंट किंवा माइनक्राफ्ट त्यावर बरं चालतं. मग घरातल्या पोराला वाटतं, आपला खेळ लाइव्ह दाखवावा. तो ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर टाकतो, स्ट्रीम सुरू करतो आणि आतापर्यंत नीट चाललेला गेम अडखळायला लागतो. प्रेक्षकांना तर चित्र थांबत थांबतच दिसतं. ‘नवा पीसी घे’ हा सल्ला लगेच मिळतो. माझ्या मते बहुतेक वेळा तो घाईचा असतो. आधी चित्र कुठे अडतंय ते शोधायला हवं, आणि ते शोधायची सोय त्याच ओबीएसमध्ये आहे.

या जुन्या डब्यावर आपण नेमकं काय काम लादतो, ते आधी पाहू. ७२०पी चित्रात १२८० गुणिले ७२०, म्हणजे ९,२१,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला ३० चित्रं धरली, तर दर सेकंदाला सुमारे ६६ कोटी बिट होतात. घरच्या इंटरनेटवरून आपण वर पाठवणार साधारण ३० लाख बिट, म्हणजे ३,००० केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट). म्हणजे चित्र २२० पट आवळायचं, तेही प्रत्येक फ्रेमला, म्हणजे एकेका चित्राला, ३३ मिलिसेकंदांच्या आत, आणि शेजारी गेम चालू असताना. हेच १०८०पी आणि ६० फ्रेम्सवर केलं तर काम आणखी साडेचार पट वाढतं. जुन्या मशीनवर बहुतेकांचा घात इथेच होतो.

आवळण्याची पहिली युक्ती आपल्या डोळ्यांवर बेतलेली आहे. उजेड-अंधारातले बारकावे आपल्याला चटकन दिसतात, रंगांतले तितकेसे दिसत नाहीत. म्हणून रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच साठवतात. एवढ्यानेच डेटा निम्मा होतो. दुसरी युक्ती गणिती आहे आणि तिच्यामागे बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आहेत. चित्राच्या छोट्या चौकोनाचं रूपांतर कमी-जास्त वारंवारतेच्या लहरींमध्ये करायचं आणि डोळ्याला न जाणवणाऱ्या लहरी टाकून द्यायच्या, ही कल्पना घेऊन त्यांनी १९७२मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला होता. तो नाकारला गेला. तरीही त्यांनी काम सोडलं नाही आणि १९७४मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह शोधनिबंध छापला. जेपेग फोटो याच गणितावर उभा आहे. २००३ साली ठरलेलं आणि आजही लाइव्ह स्ट्रीमिंगचा मुख्य आधार असलेलं एच.२६४ हे व्हिडिओचं मानक त्याचंच पूर्णांकांत बसवलेलं रूप वापरतं.

तिसरी युक्ती सर्वांत जास्त कष्टाची. दोन सलग फ्रेम्समध्ये बहुतेक चित्र तेच असतं, फक्त थोडं सरकलेलं. एन्कोडर, म्हणजे चित्र आवळणारा भाग, चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोन मागच्या फ्रेममध्ये कुठे होता ते धुंडाळतो. सापडला, की ‘अमुक ठिपके उजवीकडे, तमुक खाली’ एवढंच लिहून भागतं. हा शोध किती चिकाटीने करायचा, ते एक्स२६४ या एन्कोडरच्या प्रीसेटवर, म्हणजे तयार सेटिंगवर, ठरतं: ‘अल्ट्राफास्ट’ वरवर पाहून पुढे जातो, ‘स्लो’ कसून शोधतो. ओबीएस सहसा ‘व्हेरीफास्ट’ निवडून ठेवतं. चार कोअरपैकी गेमलाच तीन-साडेतीन लागत असतील, तर तेवढंही जड जातं.

गेममध्ये पाऊस लागला की काय होतं, ते मुद्दाम पाहा. हजारो बारीक रेषा, प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी. मागच्या फ्रेममध्ये शोधून काही सापडत नाही, बिट पुरत नाहीत आणि चित्राचे ठसठशीत चौकोन होतात. माइनक्राफ्टमध्ये झाडीतून धावतानाही तेच. याउलट बुद्धिबळ किंवा पत्त्यांचा गेम १,५०० केबीपीएसमध्येही स्वच्छ दिसतो. म्हणजे कोणता गेम दाखवायचा, हाही तांत्रिक निर्णय आहे.

आता जुन्या मशीनच्या बाजूची गोष्ट. इंटेलने २०११ साली दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरांत क्विक सिंक नावाचा वेगळा भाग घातला. व्हिडिओ एन्कोड करणं एवढंच त्याचं काम, आणि ते तो कोअरना फारसा त्रास न देता करतो. एनव्हिडियाने २०१२पासून आपल्या ग्राफिक्स कार्डांत एनव्हेंक नावाने तेच केलं. तेव्हाच्या या भागांचं चित्र एक्स२६४इतकं रेखीव येत नाही, हे खरं. पण गेम सुरळीत राहतो, आणि माझ्या लेखी ते जास्त मोलाचं. दोन गोष्टी मात्र तपासा. स्वस्त म्हणून अनेक जण घेतात त्या जीटी १०३० कार्डात एनव्हेंक नाहीच. आणि वेगळं कार्ड बसवलं की बरेच मदरबोर्ड प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बंद करतात, त्यासोबत क्विक सिंकही ओबीएसच्या यादीतून जातं. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, ते पुन्हा चालू करता येतं. कित्येकांकडे हा एन्कोडर वर्षानुवर्षं नुसता पडून असतो.

एवढं केल्यावर ओबीएसमधली स्टॅट्सची खिडकी उघडा. तिथे तीन आकडे दिसतात आणि ते तीन वेगवेगळ्या दुखण्यांचे आहेत.

पहिला रेंडरिंग लॅगचा. गेम, वेबकॅम आणि नावाची पट्टी एकत्र करून अंतिम चित्र जुळवायला ओबीएसलाही ग्राफिक्स कार्ड लागतं. गेमने ते १०० टक्के व्यापलं, तर ओबीएसला त्यावर जागाच उरत नाही. खेळणाऱ्याला १४० एफपीएस (सेकंदाला फ्रेम्स) दिसत असतात आणि स्ट्रीम मात्र झटके खाते, त्याचं कारण हे. गेमची मर्यादा ६० एफपीएसवर बांधा, विंडोजमध्ये ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. बऱ्याचदा एवढ्याने काम होतं.

दुसरा आकडा एन्कोडिंग लॅगचा, म्हणजे एन्कोडर ३३ मिलिसेकंदांत फ्रेम संपवू शकत नाही. इथे ७२०पी, ३० फ्रेम्स, हलका प्रीसेट किंवा क्विक सिंक हाच इलाज.

तिसरा आकडा नेटवर्कमध्ये गळलेल्या फ्रेम्सचा. त्यात पीसीचा काहीच दोष नसतो. स्ट्रीम सहसा टीसीपीवरून जाते, म्हणजे डेटाचे तुकडे (पॅकेट) क्रमाने पोचवणाऱ्या पद्धतीने. एक पॅकेट हरवलं की ते पुन्हा पाठवेपर्यंत मागची सगळी खोळंबतात, आणि साठा वाढत गेला की ओबीएस फ्रेम्स टाकून देतं. अपलोडचा वेग मोजा, डाउनलोडचा नाही. बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचे बिट, त्याच्या बराच खाली ठेवा आणि वायफायऐवजी केबल लावा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर हिशेब आणखी कडक: ३,००० केबीपीएसने तासाला १.३५ जीबी जातात. दिवसाला दीड जीबीचा पॅक पहिल्या तासाच्या आसपासच संपतो.

स्ट्रीम सुरुवातीला छान चालून वीस-पंचवीस मिनिटांनी बिघडत असेल, तर उष्णतेचा संशय घ्या. दहा वर्षांच्या प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) सुकलेली असते, पंख्यात धूळ असते, आणि तापमान मर्यादेपलीकडे गेलं की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. विदर्भातल्या मे महिन्यात हे आणखी लवकर होणार. म्हणून लाइव्ह जाण्याआधी त्याच सेटिंगवर तासभर नुसतं रेकॉर्डिंग करून पाहावं. ऑफिसमधून निघालेल्या पीसीत रॅमची बहुधा एकच पट्टी असते, तेही उघडून बघा. डीडीआर३-१६०० रॅमचं एक चॅनल, म्हणजे डेटाचा एक रस्ता, सेकंदाला १२.८ जीबी वाहून नेतं, जोडीची दुसरी पट्टी लावली की ही क्षमता दुप्पट होते. गेम प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालत असेल तर हा फरक लगेच जाणवतो.

राहिला आवाज. ३,००० केबीपीएसच्या चित्राशेजारी १६० केबीपीएसचा आवाज म्हणजे जेमतेम पाच टक्के वाटा, आणि एन्कोड करायलाही तो अगदी हलका. तरी लोक आधी वेबकॅम घेतात. जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकमध्ये माइक लावला तर पंख्याची घरघर आणि मदरबोर्डवरची विजेची गुणगुण त्यात मिसळते. पुसट चित्र लोक चालवून घेतात, खरखरणारा आवाज ऐकत बसत नाहीत. हातात थोडे पैसे आले तर आधी यूएसबी हेडसेट घ्या, ग्राफिक्स कार्डाचा विचार त्यानंतर.