कारच्या विम्यात ऑनलाइन आणि एजंट हा फरक आला कुठून?

ऑनलाइन घेतला तर कारचा विमा स्वस्त पडतो, हे विम्याच्या एका भागापुरतंच खरं आहे. पॉलिसीचे दोन भाग असतात. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याची भरपाई, आणि ओन डॅमेज, म्हणजे ओडी, ही आपल्या गाडीची भरपाई. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासूनच्या दरपत्रकात 1000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला 2094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3416 आणि त्यापुढे 7897 रुपये आहेत. हा दर वेबसाइटवर, एजंटकडे आणि शोरूममध्ये एकच असतो. घासाघीस होते ती ओडीवर, आणि तीही 2007 पासूनच.

थर्ड पार्टीची सक्ती मोटार वाहन कायदा, 1939 मध्ये आली. ब्रिटनमध्ये अशीच सक्ती 1930 च्या कायद्याने आली होती. आपल्या कायद्यातलं सक्तीचं प्रकरण प्रत्यक्षात लागू झालं 1 जुलै 1946 ला. पुढे 1968 च्या दुरुस्तीने टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी, म्हणजे विम्याचे दर ठरवणारी समिती, आली आणि 1 जानेवारी 1973 ला 107 विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन चार सरकारी कंपन्या उरल्या. चौघींचं दरपत्रक एकच होतं. गाडीचं वय, सीसी आणि विभाग पाहून दर काढायचा. शेवटच्या, म्हणजे 2002 च्या टॅरिफमध्ये मुंबई-पुणे 'ए' विभागात होते, तर नाशिक, नागपूर, कोल्हापूर 'बी'मध्ये.

दर सगळीकडे सारखा असताना एजंट निवडायचा तो कामावरून. त्याच्याकडे कव्हर नोटचं पुस्तक असे. पैसे घेतले की जागेवरच पावती फाडून द्यायची. ती 60 दिवस चाले, तेवढ्यात कंपनीने पॉलिसी द्यायची. विमा खंडित झालेला असेल तर गाडी बघायला माणूस यायचा. चेसिस नंबरवर कागद धरून वरून पेन्सिल घासायची, उमटलेला ठसा अर्जाला जोडायचा आणि बंपर-दरवाज्यांवरचे जुने ओरखडे लिहून घ्यायचे. क्लेमच्या वेळी हेच कागद कामाला यायचे.

त्या काळातली एक तरतूद आजही सगळ्यांत महत्त्वाची आहे: विमा कायद्याचं कलम 64व्हीबी. हप्ता कंपनीकडे जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. एजंटने घेतलेले पैसे 24 तासांत, सुट्ट्या वगळून, कंपनीकडे पोचवायचे असतात. चेक वटला नाही आणि मधल्या दिवसांत अपघात झाला, की भांडण ठरलेलं. ऑनलाइन भरण्यात खरा फायदा कुठे असेल तर तो इथे आहे. पैसे कोणत्या मिनिटाला पोचले याची नोंद राहते.

कमिशनमधले पैसे ग्राहकाला परत देणं हा कलम 41 खाली गुन्हा आहे. आधी दंड 500 रुपयांपर्यंत होता, 2015 च्या दुरुस्तीने तो 10 लाखांपर्यंत गेला. "माझ्या कमिशनमधून देतो" असं म्हणणारा एजंट बेकायदा सवलत देतोय, हे ग्राहकाने ओळखावं. कंपनीने स्वतः ओडीवर दिलेली सूट वेगळी, ती पॉलिसीच्या कागदावर छापलेली असते.

1999 च्या आयआरडीए (विमा नियामक) कायद्यानंतर खासगी कंपन्या आल्या, पण दर मोकळे व्हायला 1 जानेवारी 2007 उजाडावं लागलं. त्या दिवसापासून एकाच गाडीचा ओडी हप्ता प्रत्येक कंपनीत वेगळा निघू लागला आणि 'तुलना' या गोष्टीला अर्थ आला. किमती शेजारी शेजारी मांडणाऱ्या वेबसाइट्स लगेच पुढच्या काही वर्षांत उभ्या राहिल्या. पॉलिसीबाजार 2008 चं. 2013 मध्ये अशा संकेतस्थळांसाठी नियमावली आली. 2017 मध्ये ॲको आणि डिजिट या, सुरुवातीपासून ऑनलाइनवर भर असलेल्या कंपन्यांना परवाने मिळाले.

दर मोकळे झाल्यावर जोड-कव्हरंही आली आणि निवड अवघड झाली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. अशा पुरात बुडालेल्या गाडीचं नुकसान ओडीत बसतं. पण पाणी शिरलेलं इंजिन पुन्हा सुरू करून पाहिलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी ते 'परिणामी नुकसान' म्हणून नाकारू शकते. इंजिन प्रोटेक्ट कव्हर त्यासाठी आहे. झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापण्याच्या कव्हरचंही तसंच. साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबरच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, आणि आजच्या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचेच असतात. चांगला एजंट हे न विचारता सांगतो. वेबसाइटवर तो एक चौकोन असतो, टिक करायचा किंवा सोडायचा.

ऑनलाइन घेताना चुका होतात त्या ठरावीक जागी. पहिली जागा आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली तर मिळणारी रक्कम. तीन ते चार वर्षं वयाच्या गाडीला टॅरिफप्रमाणे 40 टक्के घसारा. त्याच मॉडेलच्या नव्या गाडीची आजची किंमत 8 लाख असेल तर आयडीव्ही 4.80 लाख. एखादी साइट तोच 4.20 लाख धरून हप्ता दाखवते, आकडा कमी दिसतो आणि चोरी झाली तर 60 हजार बुडतात. सगळीकडे आयडीव्ही एकच टाकून मगच हप्ते ताडून पाहावेत.

दुसरी जागा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल ओडीच्या हप्त्यात मिळणारी सूट. 20, 25, 35, 45, 50 टक्के अशी त्याची पायरी. मागच्या वर्षी क्लेम घेतला असूनही फॉर्ममध्ये आधीच भरलेला 'क्लेम नाही' तसाच राहिला, तर पॉलिसी निघते, हप्ताही कमी लागतो. कंपन्या आपापसांत पडताळणी करतात ती नंतर, बहुतेक वेळा क्लेम आल्यावर, आणि ओडीचा क्लेम तिथेच अडतो. हीच खोटी टिक एजंटही करतो, सौदा जमवायला. सही मात्र तुमची असते. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. म्हणून सेकंडहँड गाडी घेतली की जुन्या मालकाचा बोनस धरता येत नाही, आणि पॉलिसी नावावर करून घ्यायला 14 दिवस असतात. मुदत संपून 90 दिवस गेले की बोनसही जातो.

तिसरी जागा बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. ते आरसीवर चढवून पॉलिसीतही दाखवावं लागतं. टॅरिफमध्ये त्यासाठी किटच्या किमतीवर 4 टक्के आणि थर्ड पार्टीला 60 रुपये जादा होते. एवढ्या पैशांसाठी लपवलं तर आगीचा क्लेम अडकतो.

नव्या गाडीचा गोंधळ 2018 चा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी सक्तीची झाली. त्यामुळे पहिल्या वर्षाअखेर संपते ती फक्त ओडी. तेव्हा फक्त ओडीची पॉलिसी घ्यायची, ती 1 सप्टेंबर 2019 पासून वेगळी मिळते. पूर्ण पॉलिसी पुन्हा घेतली की थर्ड पार्टीचे पैसे दोनदा जातात.

आता दोन्ही वाटा एकमेकींत मिसळल्या आहेत. ऑक्टोबर 2015 च्या नियमांनी 'पॉइंट ऑफ सेल्स' विक्रेते आले, आणि ब्रोकरशी जोडलेला असा माणूस तुमच्यासमोर पोर्टल उघडून अनेक कंपन्यांचे दर दाखवतो. 1 एप्रिल 2023 पासून कमिशनची स्वतंत्र कमाल मर्यादाही गेली. कंपनीच्या एकूण खर्चाची मर्यादा तेवढी उरली. त्यामुळे कुणाला कोणती पॉलिसी विकण्यात जास्त मिळतं, हे बाहेरून कळत नाही. विक्रेता कुणीही असो, प्रस्तावावर मोबाइल नंबर आणि ईमेल आपलाच आहे हे बघावं. बरेच विक्रेते सोयीसाठी स्वतःचा टाकतात, मग ओटीपी, नूतनीकरणाची आठवण आणि सर्व्हेअरचा फोन त्यांच्याकडे जातो. पैसे कंपनीच्या लिंकवरच भरावेत आणि काही दिवसांनी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून कंपनीचं नाव आणि मुदत तपासावी.