बेलनॅप महाभियोग

अमेरिकेचे युद्धमंत्री विल्यम बेलनॅप यांच्यावर लाचखोरीच्या आरोपावरून १८७६ साली चाललेला महाभियोगाचा खटला. अशा खटल्यात प्रतिनिधिगृह आरोप ठेवते आणि सिनेट निवाडा करते; दोषी ठरवायला सिनेटमध्ये दोनतृतीयांश मते लागतात. यादवी युद्धानंतर दक्षिणेतील बंडखोर राज्यांना पुन्हा संघराज्यात सामावून घेण्याच्या, म्हणजे पुनर्रचनेच्या काळाच्या (१८६५–७७) अखेरीस, राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या कारकिर्दीत तो गाजला. मंत्रिमंडळातील सदस्यावर महाभियोगाची अमेरिकेतील ही पहिलीच वेळ.

सरहद्दीवरील लष्करी ठाण्यांत दुकान चालवण्याचा परवाना देण्याचा अधिकार १८७० च्या कायद्याने एकट्या युद्धमंत्र्याच्या हाती आला. आजच्या ओक्लाहोमातील फोर्ट सिल हे असेच आडबाजूचे ठाणे. तिथला परवाना बेलनॅप यांनी न्यूयॉर्कच्या केलेब मार्शला देऊ केला; पण तिथे जॉन एव्हान्सचे दुकान आधीपासून होते. तेव्हा एव्हान्सने दुकान चालवावे आणि मार्शला वर्षाला १२,००० डॉलर द्यावेत, असे ठरले. त्यातला निम्मा वाटा बेलनॅप यांच्या घरी, सुरुवातीला त्यांच्या पत्नीकडे, पोचू लागला. त्याच वर्षी या पत्नी वारल्या, तरी पैसे थांबले नाहीत. एकूण रक्कम सुमारे २०,००० डॉलर झाली. ही रक्कम अखेर शिपायांच्या खिशातून जात होती, हे विसरता कामा नये. त्यांना सामान घ्यायला दुसरे दुकान नव्हते, आणि हप्त्याचा बोजा दुकानदार भावात चढवून वसूल करी.

१८७४ च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृह ग्रँट यांच्या विरोधातील डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले. पुनर्रचनेचे धोरणच मोडण्यास उत्सुक असलेल्या या पक्षाला ग्रँट सरकारची चौकशी राजकीयदृष्ट्याही हवी होती. मात्र त्यामुळे लाच खोटी ठरत नाही. प्रतिनिधिगृहाच्या हीस्टर क्लायमर यांच्या समितीपुढे मार्शने १८७६ च्या फेब्रुवारीअखेर सगळा व्यवहार सांगून टाकला. २ मार्चला सकाळी बेलनॅप यांनी राजीनामा दिला आणि ग्रँट यांनी तो लगोलग स्वीकारला. त्याच दिवशी प्रतिनिधिगृहाने एकमताने महाभियोगाचा ठराव केला.

पद सोडलेल्या माणसावर खटला चालतो का, हाच मग खरा वाद झाला. याला एक जुना दाखला होता: सालबाईच्या तहामुळे मराठी वाचकांना ठाऊक असलेले बंगालचे गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावर ब्रिटिश संसदेने महाभियोग चालवला, तोही त्यांनी पद सोडल्यावरच. सिनेटने ३७ विरुद्ध २९ मतांनी आपला अधिकार मान्य केला. पण १ ऑगस्टच्या निकालात दोषी ठरवणारी मते जास्तीत जास्त ३७ पडली, विरोधात २५; दोनतृतीयांश बहुमत हुकले आणि बेलनॅप सुटले. विरोधात मत देणाऱ्यांपैकी बहुतेकांचा आक्षेप पुराव्यावर नव्हता, सिनेटच्या अधिकारावर होता. २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरील दुसऱ्या महाभियोगाच्या वेळी बेलनॅप यांच्या खटल्याचा दाखला पुन्हा पुढे आला.