कॉमिकचा कॉपीराइट नोंदवायचाय? अर्ज, पात्रता, कागदपत्रं आणि घोडं नेमकं कुठे अडतं

दर महिन्याला एखादा तरी मेसेज येतोच, दादा माझ्या कॉमिकची पानं कुणीतरी उचलून स्वतःच्या पेजवर टाकली, खालची सही पण खोडली, आता मी कॉपीराइट कसा काढू. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी वकील नाही, चित्रं काढतो, पण हा अर्ज स्वतः दोनदा भरलाय आणि पहिल्या वेळी चांगलाच तोंडावर पडलोय.

तर पहिली गोष्ट, कॉपीराइट "काढावा" लागतच नाही. पान पूर्ण झालं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तो हक्क आपोआप तयार होतो, ना शिक्का ना फी. अर्ज असतो तो नोंदणीचा. मग कशाला ही उठाठेव? कारण उद्या भांडण लागलं तर कॉपीराइट ऑफिसच्या रजिस्टरमधली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालते, म्हणजे नोंद खोटी आहे हे दाखवायचं ओझं समोरच्यावर जातं. नोंदणी नसेल तरी दावा लावता येतो बरं का, मुंबई हायकोर्टाने २०२१ मध्ये संजय सोयाच्या केसमध्ये (खाद्यतेलाच्या लेबलवरून भांडण होतं) हे स्पष्ट सांगितलंय. त्याआधी त्याच कोर्टाचा एक उलटा निकाल होता म्हणून जुने लेख वाचून घाबरू नका. आणि ते स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवायचं आणि न फोडता कपाटात ठेवायचं, हे जे सगळीकडे सांगतात ना, त्याला कायद्यात कुठेही जागा नाही. पोस्टाचे पैसे वाचवा.

आणि काय नोंदवता येत नाही तेही आत्ताच ऐका. नुसती आयडिया नाही, नुसतं शीर्षक नाही, हिरोचं नुसतं नावही नाही. "माझ्या डोक्यात एक सुपरहिरो आहे, विदर्भातला, उन्हातून ताकद मिळते" याला काही संरक्षण नाही, तो कागदावर उतरला, चौकटी आखल्या, फुग्यांत संवाद आले की त्या उतरलेल्या रूपाला आहे. नावाचं संरक्षण हवं असेल तर ट्रेडमार्क, ते वेगळं प्रकरण. दिल्ली हायकोर्टात १९९० च्या दशकात नागराज विरुद्ध नागेश अशी एक केस झाली होती, दोघंही कॉमिकमधले हिरो, दोघंही सापवाले आणि दिसायलाही एकमेकांच्या जवळचे, तिथे नागेशवाल्या प्रकाशकाला थांबवलं गेलं. म्हणजे नाव थोडं फिरवलं की सुटलो असंही नाही.

आता अर्ज कोण करू शकतं. ज्याने काम केलं तो, किंवा ज्याच्याकडे हक्क लेखी आलेत तो, किंवा वारस. वयाची, शिक्षणाची, प्रकाशक असण्याची काही अट नाही. छापलेलं काम चालतं, न छापलेलंही चालतं. पण खरी मेख इथेच आहे, हक्क नक्की कोणाचा? नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलंत आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर पहिला मालक साधारणपणे तुमची कंपनी. फ्रीलान्सवाल्यांचं वेगळं असतं, तिथे करारात काय लिहिलंय ते बघावं लागतं आणि बहुतेकांकडे करार नसतोच, व्हॉट्सॲपवर "ओके डन" एवढाच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे किती जण "आता कायमचं गेलं" म्हणून गप्प बसतात.

या विषयात मला सगळ्यात आवडणारी केस केरळची आहे. टॉम्स नावाने प्रसिद्ध असलेल्या व्यंगचित्रकाराने बोबन आणि मोली ही दोन पोरं तयार केली, पुढे तो मलयाळ मनोरमा या वृत्तपत्राच्या कंपनीत नोकरीला होता आणि तिथे वर्षानुवर्षं ती मालिका काढली, मग नोकरी सोडून दुसरीकडे तीच पात्रं काढायला लागला तर मनोरमा कोर्टात. केरळ हायकोर्टाने १९८८ मध्ये सांगितलं की पात्रं त्याने नोकरीच्या आधीच तयार केलेली होती, नोकरी संपल्यावर नवीन चित्रं काढण्यापासून त्याला अडवता येणार नाही. यातून माझ्यासारख्याने घ्यायचं ते एवढंच, की कुठे चिकटायच्या आधी तुमच्या पात्रांची पहिली स्केचेस तारखेसकट जपून ठेवा आणि जमलं तर तेव्हाच नोंदवा.

आता प्रकार. फॉर्ममध्ये "कॉमिक" असा प्रकारच नाही. साहित्यकृती आहे, कलाकृती आहे, मग आपण कुठे बसायचं? शब्द, म्हणजे कथा आणि संवाद, हे साहित्यात येतात, रेखाटन कलेत. आणि एक अर्ज म्हणजे एकच कृती, दोन्ही वेगवेगळं नोंदवायचं तर दोन अर्ज, दोन फी. लिहिणारा एक आणि काढणारा दुसरा असेल (आपल्याकडे चिंटू १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीने केलं, तसं) तर लोक सरळ "संयुक्त लेखक" लिहून मोकळे होतात, पण कायद्यातली व्याख्या अशी की दोघांचा वाटा एकमेकांपासून वेगळा काढता येत नसेल तरच ते संयुक्त. तुझे शब्द, माझी चित्रं, हे तर सरळ वेगळं दिसतंय. म्हणून माझं मत, जोडीने करत असाल तर संहिता लेखकाच्या नावाने साहित्यात आणि पानं चित्रकाराच्या नावाने कलेत, असे दोन अर्ज करा. सगळं एकट्याचं असेल तर आधी पूर्ण पुस्तक एका अर्जात आणि मुख्य पात्राचं डिझाइन वाटल्यास दुसऱ्या अर्जात.

फी साहित्यकृतीला ५०० रुपये, कलाकृतीलाही ५०० रुपये. पण तीच कलाकृती एखाद्या मालावर वापरलेली असेल किंवा वापरता येण्यासारखी असेल, म्हणजे टीशर्ट, कॉफीचा मग, स्टिकर, तर २००० रुपये, आणि वर ट्रेडमार्क रजिस्ट्रीकडून सर्च सर्टिफिकेट (तसाच ट्रेडमार्क आधी कुणाचा नाही असा दाखला) आणावं लागतं, टीएम-सी नावाच्या फॉर्मवर, त्याची फी वेगळी आणि या ५०० च्या मानाने खूपच जड. म्हणून पोरांनो, नुसतं कॉमिक आहे आणि मर्चंडाइजचा पत्ता नाही, तर उगाच त्या रकान्यात फुशारकी मारू नका.

कागदपत्रं. कामाच्या प्रती (यादीत २ प्रती असतात, ऑनलाइन भरताना पीडीएफ, साइजची मर्यादा बघून बारीक करून ठेवा), अर्जदाराच्या सहीची स्कॅन, वकिलामार्फत करत असाल तर वकीलपत्र, आणि मग ते एनओसींचं, म्हणजे ना हरकत पत्रांचं, जंगल. अर्जदार स्वतः लेखक नसेल तर लेखकाची एनओसी, पुस्तक प्रकाशकाने काढलं असेल आणि अर्ज तुम्ही करताय तर प्रकाशकाची एनओसी, मुखपृष्ठावर खऱ्या माणसाचा फोटो असेल तर त्या माणसाची एनओसी.

मी पडलो तो इथेच. माझ्या पहिल्या कॉमिकच्या मुखपृष्ठावर दोन नावं होती, कथा मित्राची चित्रं माझी, आणि अर्ज मी एकट्याने माझ्या नावावर पूर्ण पुस्तकाचा करून टाकला, वाईट हेतू काही नव्हता, रात्री दीड वाजता उत्साहात भरला होता. थोड्या दिवसांनी त्रुटीचं पत्र आलं, दुसऱ्या माणसाची एनओसी कुठे? मित्र तोपर्यंत जर्मनीत, आणि आमचं मधल्या काळात दुसऱ्याच कशावरून तरी बोलणं बंद. मग त्याच्या आईकडून नंबर घेतला, आधी जुनी भांडणं मिटवली, मग एक पानी पत्र, त्यावर सही, स्कॅन, आणि तेवढ्यात त्रुटी-पत्राची मुदत माझ्या डोक्यावर. ऑफिसची काही चूक नव्हती, त्यांना मुखपृष्ठावर दोन नावं दिसत होती आणि फॉर्मवर एक. म्हणून ज्या दिवशी दोघं मिळून पहिलं पान काढाल त्याच दिवशी एका कागदावर कोणाचं काय ते लिहून सह्या करून टाका, चहा पिता पिता दहा मिनिटांचं काम आहे.

अर्ज भरायचा तो कॉपीराइट डॉट गव्ह डॉट इन वर. लॉगिन बनवायचं, फॉर्म चौदा उघडायचा, त्याच्यासोबत तपशिलाचं एक पत्रक आणि अधिक तपशिलाचं दुसरं पत्रक असतं. सगळे रकाने सांगत बसत नाही, चुकतात ते दोनतीनच. एक म्हणजे "प्रकाशित की अप्रकाशित". इन्स्टावर पानं टाकलीत आणि इथे अप्रकाशित लिहिलंत तर घोळ, कारण कायद्यात लोकांपर्यंत पोचवणं हेसुद्धा प्रकाशनच, छापखाना लागत नाही. मग पहिल्या प्रकाशनाचं वर्ष आणि देश लिहायचा. दुसरं म्हणजे कृती मूळ आहे, भाषांतर आहे की रूपांतर, हे खरं लिहा. महाभारतावर कॉमिक केलंत तर कथा कोणाचीच नाही पण तुमचे संवाद आणि चित्रं तुमची, ते ठीक. पण एखाद्या हयात लेखकाच्या कादंबरीवरून केलं असेल तर त्याची परवानगी आधी. भाषेच्या रकान्यात मराठी लिहा, मराठी काम नोंदवतात, लाजू नका.

पैसे ऑनलाइन भरले की डायरी नंबर येतो, तो फोनमध्ये, वहीत, बायकोच्या फोनमध्ये, सगळीकडे लिहून ठेवा कारण पुढे स्टेटस त्यावरूनच दिसतं. त्यानंतर ३० दिवस सक्तीचे थांबायचे, त्या काळात कुणाला हरकत घ्यायची असेल तर घेता येते, आणि ज्यांचा त्या कामात काही हक्क किंवा वाद आहे अशांना अर्जदाराने स्वतः नोटीस पाठवायची असते, हे बरेच जण विसरतात. हरकत आली तर दोन्ही बाजू ऐकतात, नाही आली तर तपासणी, त्रुटी असेल तर पत्र, नसेल तर नोंद. पत्राला दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, अर्ज फेटाळला गेला तर फी परत मिळत नाही. सगळं सुरळीत झालं की रजिस्टरचा उतारा मिळतो, साहित्याचा नंबर एल ने सुरू होतो आणि कलाकृतीचा ए ने. ऑफिस दिल्लीत द्वारकेला आहे पण तिकडे जायची गरज मला तरी एकदाही पडली नाही.

आता ज्यासाठी सगळे मेसेज करतात ते, चोरलेली पानं खाली कशी आणायची. आधी त्या साइटचा स्वतःचा कॉपीराइट रिपोर्टचा फॉर्म असतो तो भरा, बऱ्याचदा तेवढ्यात काम होतं. नाही झालं तर २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला नियम ७५, त्याखाली साइटवाल्याला लेखी तक्रार द्यायची. त्यात तुमचं काम कोणतं, तुम्ही मालक कसे (इथे तो उतारा कामाला येतो), चोरीची कॉपी नेमक्या कोणत्या लिंकवर आहे, ती कायद्यातल्या सवलतीत (समीक्षेसाठी थोडा भाग वापरणं वगैरे) का बसत नाही, आणि टाकणारा माहीत असेल तर तो कोण, हे सगळं. साइटने ३६ तासांत ते बंद करायचं आणि २१ दिवस बंद ठेवायचं. पण थांबा, फुकट नाहीये हे, त्याच तक्रारीत तुम्ही हमी देता की मी २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणून देतो. नाही आणला तर साइट ते परत चालू करू शकते आणि त्याच लिंकबद्दलच्या तुमच्या पुढच्या तक्रारीकडे लक्ष न देण्याची त्यांना मोकळीक आहे. त्यामुळे रागाच्या भरात पाठवू नका, आधी वकिलाशी बोला. दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा कोर्टात लावता येतो ही त्यातल्या त्यात बरी बाजू, सांगलीच्या माणसाला चोर गुडगावचा आहे म्हणून तिकडे पळायला नको.

हेच उलटं आपल्यालाही लागू आहे, हे बोललं की लोक रागावतात. इंद्रजाल कॉमिक्सचे जुने वेताळचे अंक १९९० लाच बंद झाले, मग स्कॅन वाटले तर काय बिघडलं? बंद पडणं आणि हक्क संपणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं, चाचा चौधरीवाले प्राण २०१४ मध्ये गेले म्हणजे त्यांनी काढलेल्या पानांचा हिशोब २०७४ संपेपर्यंत. समीक्षा लिहिताना दोनतीन चौकटी दाखवणं चालतं, आख्खा अंक पीडीएफ करून ग्रुपवर टाकणं ही समीक्षा नाही. फॅन आर्टचंही तसंच, दुसऱ्याचा हिरो काढून त्याच्यावर तुमचा हक्क म्हणून अर्ज केलात तर मूळ मालकाची परवानगी कुठे हा प्रश्न येणारच.

नोंदणीनंतर काही बदललं, म्हणजे अप्रकाशित होतं ते छापलं किंवा पत्ता बदलला, तर नवीन अर्ज नाही करायचा, फॉर्म पंधरा भरून नोंदीत बदल करून घ्यायचा. माझ्या दुसऱ्या कॉमिकचं तेच करायचंय आता. यावेळी मित्राची सही पहिल्या पानाआधीच घेतली, तो हसत होता, पण केली त्याने.