पाणी मऊच असते का?

‘पाणी खोल असले की कितीही उंचावरून उडी मारली तरी लागत नाही’ हा जुना समज चुकीचा आहे. १८२७ ते १८२९ या काळात अमेरिकेतील सूतगिरणीतला एक कामगार धबधब्यांवरून उड्या मारून देशभर गाजला. पाय जुळवून, अंग ताठ ठेवून सरळ पाण्यात शिरणे हेच त्याचे खरे कौशल्य होते. नोव्हेंबर १८२९ मध्ये रॉचेस्टर येथे सुमारे १२५ फुटांवरून झेपावताना त्याचे अंग तिरपे झाले आणि तो जिवंत वर आलाच नाही. एवढ्या उंचीवरून पडताना वेग ताशी जवळपास १०० किलोमीटर होतो आणि पाण्याला बाजूला सरायला तितका वेळच मिळत नाही. बादलीतल्या पाण्यावर तळहात सपाट आपटावा, मग बोटे जुळवून खुपसावीत. फरक हातालाच कळतो.